जयप्रकाश नारायण

जयप्रकाश नारायण (जन्म : सिताबदियारा, ११ ऑक्टोबर १९०२, मृत्यू : पाटणा, ८ ऑक्टोबर १९७९) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते व सर्वोदयी कार्यकर्ते होते. ते 'जेपी' आणि 'लोकनायक' या नावांनी ओळखले जात. इ.स. १९७४-७५ चे बिहार आंदोलन, आणीबाणीतील स्थानबद्धता आणि १९७७ चे सत्तांतर या घटनांमुळे त्यांचे नाव भारताच्या राजकीय इतिहासात कायमचे नोंदले गेले. ते अनेक वर्षे मधुमेहाचे रुग्ण होते. १९७५ च्या नोव्हेंबरात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले आणि आयुष्याची शेवटची जवळजवळ चार वर्षे त्यांनी डायलिसिसच्या आधारे काढली. त्यांच्या राजकीय जीवनाचा सर्वांत निर्णायक भाग नेमका याच चार वर्षांतला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांच्या आजाराचा विचार चरित्रापासून वेगळा न करता त्याच्या जोडीनेच केला आहे.

प्रारंभिक जीवन

गंगा व घाघरा या नद्यांच्या संगमाजवळील सिताबदियारा या गावी जयप्रकाशांचा जन्म झाला. वडिलांचे नाव हरसू दयाल व आईचे फूलराणी देवी. वडील कालवा खात्यात कनिष्ठ अधिकारी होते. शिक्षणासाठी जयप्रकाश लहानपणीच पाटण्यास आले. चंपारण सत्याग्रहातील गांधीजींचे सहकारी ब्रजकिशोर प्रसाद यांची कन्या प्रभावती हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे पती अमेरिकेत असताना प्रभावतीदेवी साबरमती आश्रमात गांधीजी व कस्तुरबा यांच्या सहवासात राहिल्या आणि त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. जयप्रकाशांनी परत आल्यावर ते व्रत मान्य केले व आयुष्यभर पाळले.

१९२१ मध्ये असहकार आंदोलनाच्या लाटेत, परीक्षा अवघ्या काही दिवसांवर आली असताना, त्यांनी पाटणा कॉलेज सोडले. १९२२ च्या ऑक्टोबरात ते कॅलिफोर्नियास पोहोचले. (याच वर्षाच्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो येथे लेनर्ड टॉम्सन या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले होते. तोवर मधुमेहावर उपासमारीच्या आहाराखेरीज दुसरा इलाज नव्हता.) बर्कली, आयोवा, विस्कॉन्सिन व ओहायो अशा विद्यापीठांतून त्यांनी शिक्षण घेतले. सुरुवातीला विज्ञान हा विषय होता, नंतर ते समाजशास्त्राकडे वळले. घरून पैसा येण्याची सोय नव्हती. द्राक्षांच्या मळ्यांत मजुरी करणे, फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबणे, उपाहारगृहात बशा विसळणे अशी कामे करून त्यांनी फी भरली. मार्क्सवादाचा परिचय त्यांना विस्कॉन्सिनमध्ये झाला. १९२९ मध्ये ते मायदेशी परतले.

स्वातंत्र्यलढा

जवाहरलाल नेहरूंच्या आमंत्रणावरून जयप्रकाश काँग्रेसच्या कामगार विभागात दाखल झाले. १९३२ मध्ये त्यांना अटक होऊन नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. महाराष्ट्राशी त्यांचा जो दीर्घ संबंध पुढे राहिला त्याची सुरुवात इथे झाली. मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे असे तरुण त्या वेळी नाशिकला बंदिवान होते. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना या मंडळींच्या चर्चांतून आकारास आली. १९३४ मध्ये पक्ष स्थापन झाला व जयप्रकाश त्याचे सरचिटणीस झाले. यांपैकी अशोक मेहता १९५४ च्या पोटनिवडणुकीत तेव्हाच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडारा जिल्ह्यातच होता.

१९४१ मध्ये देवळी येथील स्थानबद्धांच्या छावणीत त्यांनी सुमारे महिनाभर उपोषण केले. ९ नोव्हेंबर १९४२ रोजी, दिवाळीच्या रात्री, हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून ते पाच साथीदारांसह निसटले. नेपाळच्या हद्दीत त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. १९४३ मध्ये ते पुन्हा पकडले गेले. लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. एप्रिल १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

सर्वोदयाकडे

स्वातंत्र्यानंतर समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, परंतु १९५२ च्या निवडणुकीत त्यांची निराशा झाली. त्याच वर्षी टपाल कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावरून जयप्रकाशांनी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात २१ दिवसांचे उपोषण केले. १९५४ मध्ये गया येथे त्यांनी विनोबांच्या भूदान चळवळीसाठी जीवनदानाची घोषणा केली आणि सत्तेच्या राजकारणातून ते दूर झाले. पुढची वीस वर्षे ग्रामदान, काश्मीर व नागालँडमधील मध्यस्थी, बिहारमधील दुष्काळनिवारण, मुसहरी भागातील काम अशा उद्योगांत गेली. १९६५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एप्रिल १९७२ मध्ये चंबळ खोऱ्यातील डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १५ एप्रिल १९७३ रोजी प्रभावतीदेवींचे कर्करोगाने निधन झाले. जयप्रकाशांच्या आहाराची, औषधाची व दिनक्रमाची काळजी घरात त्याच वाहत असत. त्यांच्या पश्चात ते एकाकी झाले आणि त्यांची प्रकृतीही उतरणीस लागली.

बिहार आंदोलन

मार्च १९७४ मध्ये बिहारमधील विद्यार्थ्यांनी महागाई व भ्रष्टाचार यांविरुद्ध आंदोलन सुरू केले आणि नेतृत्वासाठी ते जयप्रकाशांकडे आले. ७१ वर्षांच्या, मधुमेह व हृदयविकार असलेल्या माणसाने ही जबाबदारी स्वीकारावी की नाही, असा प्रश्न त्यांच्या जवळच्यांना पडणे स्वाभाविक होते. आंदोलन अहिंसक राहील या अटीवर त्यांनी ती स्वीकारली. ८ एप्रिलला पाटण्यात मूक मिरवणूक निघाली आणि लगेच ते पौरुषग्रंथीच्या शस्त्रक्रियेसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेले. वाढलेल्या पौरुषग्रंथीमुळे लघवी तुंबते आणि मागे साचलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांवर येतो. मधुमेही माणसाच्या बाबतीत तो दाब आणि त्यासोबत येणारा जंतुसंसर्ग हे दोन्ही अधिक घातक ठरतात.

वेल्लोरहून परतल्यावर ५ जूनला गांधी मैदानातील सभेत त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यातील मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला. जयप्रकाशांवर पडणारा घाव मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख यांनी आपल्या हातावर झेलला व त्यांचा हात मोडला.

चंदीगडमधील स्थानबद्धता

२५ जून १९७५ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी जाहीर झाली व पहाट होण्यापूर्वी गांधी शांतता प्रतिष्ठानातून त्यांना अटक करण्यात आली. प्रथम हरियाणातील सोहना, नंतर दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान आणि १ जुलैपासून चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था अशी त्यांची रवानगी झाली. रुग्णालय हाच त्यांचा तुरुंग होता. भोवती डॉक्टर होते, पण बोलायला माणूस नव्हता. २१ जुलैपासून त्यांनी रोजनिशी लिहिण्यास सुरुवात केली. ही रोजनिशी अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने इंग्रजीत प्रसिद्ध केली. पु. ल. देशपांडे यांनी तिचा 'स्वगत' या नावाने मराठी अनुवाद केला.

सप्टेंबरच्या अखेरीस त्यांना पोटात तीव्र वेदना झाल्या. त्यानंतर प्रकृती झपाट्याने ढासळली. १२ नोव्हेंबर रोजी सरकारने त्यांना ३० दिवसांच्या पॅरोलवर सोडले. दिल्लीत काही दिवस काढल्यावर २२ नोव्हेंबरला त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. तेथे मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. डिसेंबरच्या आरंभी स्थानबद्धतेचा हुकूमच मागे घेण्यात आला.

मधुमेह आणि मूत्रपिंडे

जयप्रकाशांच्या आजाराचे स्वरूप समजण्यासाठी मूत्रपिंडाचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ होय. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील बहुतेक सगळा पुन्हा रक्तात घेतात आणि जेमतेम दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तात साखर सतत अधिक राहिली की या गाळण्यांवर दुहेरी आघात होतो. एक म्हणजे गुच्छात शिरणारी रक्तवाहिनी सैल पडून आतला दाब वाढतो व गाळणी गरजेपेक्षा अधिक काम करू लागते. दुसरे म्हणजे साखर प्रथिनांना चिकटत जाऊन गाळणीचा पडदा जाड होतो, पण त्याची घट्ट वीण मात्र विसविशीत होते. त्यामुळे एरवी रक्तातच राहणारे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. कालांतराने गुच्छांत तंतूंची भर पडून ते बंद होतात. मधुमेहींच्या मूत्रपिंडांतील हे बदल पॉल किमेलस्टिल व क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ मध्ये प्रथम वर्णिले.

ही सारी प्रक्रिया बहुधा दहा ते वीस वर्षे चालते आणि तिचा बराच काळ रुग्णाला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, लघवीचे प्रमाण घटत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी क्षमता आधीच गेलेली असते. पायावर सूज, मळमळ, भूक मरणे, अंगाला खाज ही लक्षणे त्याहूनही उशिरा येतात. या टप्प्यावर आणखी एक फसवी गोष्ट घडते. इन्सुलिनचा निचरा काही अंशी मूत्रपिंडांतूनच होत असल्याने ती बिघडली की इन्सुलिन शरीरात अधिक वेळ टिकते आणि रक्तातील साखर आपोआप उतरते. साखर सुधारली म्हणून घरचे समाधान मानतात, पण प्रत्यक्षात मूत्रपिंडे हात टेकत असतात.

जयप्रकाशांच्या काळात या आजारावर नजर ठेवण्याची साधनेच अपुरी होती. घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र सामान्य रुग्णाजवळ नसे. लघवीत निळे द्रावण घालून ते तापवायचे आणि रंग किती बदलतो ते पाहायचे, हीच नेहमीची रीत होती. पण रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमपलीकडे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही आणि वय वाढेल तशी ही मर्यादा आणखी वर सरकते. म्हणजे वृद्ध मधुमेहीच्या लघवीत साखर नाही याचा अर्थ त्याच्या रक्तात ती मर्यादेत आहे असा होत नसे. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी नित्याच्या वापरात आली ती त्यांच्या निधनानंतर. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तर मूत्रपिंडे वाचतात का, याविषयी तर त्या वेळी वैद्यकातच एकमत नव्हते. तो वाद मिटला १९९३ मध्ये. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांत लघवीत अल्ब्युमिन उतरू लागण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी व ते पुष्कळ प्रमाणात उतरण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी आढळले. ते रुग्ण तरुण व इन्सुलिनवर अवलंबून असलेले होते. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहातही साखरेच्या व रक्तदाबाच्या नियंत्रणाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे नुकसान घटते, हे १९९८ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासाने दाखविले. गाळणीतील दाब उतरविणाऱ्या ज्या रक्तदाबाच्या गोळ्या आज अशा रुग्णांना दिल्या जातात, त्यांतील पहिली, कॅप्टोप्रिल, १९८० नंतर बाजारात आली. जयप्रकाशांच्या डॉक्टरांकडे यांपैकी काहीही नव्हते.

आरोप व चौकशी

स्थानबद्धतेत जाताना जयप्रकाश भाषणे करीत होते, प्रवास करीत होते, आणि साडेचार महिन्यांनी बाहेर आले ते मूत्रपिंडे गमावून. त्यामुळे लोकांच्या मनात संशय उत्पन्न झाला. चंदीगडमध्ये उपचारांत हेळसांड झाली, किंबहुना जाणूनबुजून अपाय करण्यात आला, असे आरोप झाले. आणीबाणीत वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्यामुळे अफवांना अधिकच बळ मिळाले. १९७७ मध्ये नव्या सरकारने डॉ. के. नागप्पा अल्वा यांच्याकडे या प्रकरणाची चौकशी सोपविली. हेतुपुरस्सर अपाय केल्याचा आरोप सिद्ध झाला नाही.

या वादात दोन प्रश्नांची सरमिसळ नेहमी होते व ती टाळली पाहिजे. मूत्रपिंडे कशाने बिघडली हा एक प्रश्न आणि ती बिघडत असताना वेळीच ध्यानात आले का हा दुसरा. पहिल्याबाबत असे म्हणता येईल की अनेक वर्षांचा मधुमेह, हृदयविकार, उतारवय आणि नुकतीच झालेली पौरुषग्रंथीची शस्त्रक्रिया एवढी कारणे एकत्र असलेल्या रुग्णाची मूत्रपिंडे स्थानबद्धतेपूर्वीच शाबूत असतील असे गृहीत धरता येत नाही. अशा मूत्रपिंडांना एखादा जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे किंवा एखादे तीव्र औषध एवढा धक्काही पुरतो. जो ऱ्हास एरवी काही वर्षे चालला असता तो मग काही आठवड्यांत होतो. दुसरा प्रश्न मात्र सरकारला टाळता येण्याजोगा नव्हता. बंदिवानाची प्रकृती ही त्याला बंदीत ठेवणाऱ्याची जबाबदारी असते. ज्याला आपल्या डॉक्टरची निवड करता येत नाही, आपले तपासणी अहवाल घरच्यांना दाखविता येत नाहीत, त्याच्या बाबतीत ती दुप्पट होते. विषप्रयोगाच्या कथेवर विश्वास न ठेवणाऱ्यालाही हा आक्षेप मान्य करावा लागतो.

जसलोक रुग्णालयात

जसलोक हे मुंबईच्या पेडर रोडवरील रुग्णालय त्या वेळी जेमतेम अडीच वर्षांचे होते. जुलै १९७३ मध्ये त्याचे उद्‌घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याच हस्ते झाले होते. तेथील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी जयप्रकाशांवर उपचार केले. भारतात डायलिसिसची सोय तेव्हा मोजक्याच रुग्णालयांत होती. रुग्णाचे रक्त नळीवाटे यंत्रात न्यायचे, पातळ पडद्याच्या एका बाजूने ते व दुसऱ्या बाजूने क्षारयुक्त पाणी खेळवायचे, म्हणजे रक्तातील टाकाऊ द्रव्ये पडद्यातून पाण्यात उतरतात, अशी ही पद्धत. रक्त वारंवार काढता यावे म्हणून हातातील रोहिणी व नीला जोडणारी नळी बसवावी लागे. ही नळी सिएटलचे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये तयार केली आणि तेव्हापासून कायमची निकामी मूत्रपिंडे असलेली माणसेही जगू लागली. तरीही पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ केंद्रे वृद्ध व मधुमेही रुग्ण घेण्यास नाखूश असत, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या व हृदय आधीच झिजलेले असते. ७३ वर्षांचे जयप्रकाश या दोन्ही गटांत मोडत होते.

डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाशांना आरोग्य लाभावे म्हणून उपस्थितांना प्रार्थना करण्यास सांगितले. एरवी कोणत्याही रुग्णाकरिता केलेली अशी प्रार्थना औपचारिक ठरली असती. त्या महिन्यात, त्या व्यासपीठावर, ती उघड राजकीय कृती होती. पुढील वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

डायलिसिसचा खर्च जयप्रकाशांच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यांच्यासाठी यंत्र घ्यावे म्हणून देशभर लोकांकडून लहान लहान देणग्या गोळा करण्यात आल्या. इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदतनिधीतून ९०,००० रुपये पाठविले, परंतु जयप्रकाशांनी ते परत केले. सामान्य माणसांनी दिलेल्या रुपया-दोन रुपयांवर आपण जगावे हे त्यांना पटत होते, सरकारी निधीतून जगावे हे पटत नव्हते. इंदिरा गांधींना त्यांनी लहानपणापासून पाहिले होते आणि कमला नेहरू व प्रभावतीदेवी या निकटच्या मैत्रिणी होत्या.

डायलिसिसच्या रुग्णाचे आयुष्य यंत्राच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. आठवड्यातून दोन-तीनदा कित्येक तास खाटेवर पडून राहावे लागते. पाणी मोजून प्यावे लागते. केळी, संत्री, शहाळे यांसारखे पालाशयुक्त पदार्थ वर्ज्य होतात, कारण रक्तात साचलेल्या पालाशाने हृदय थांबू शकते. मधुमेहीला साखरेचे पथ्य असतेच, त्यावर हे दुसरे पथ्य येते आणि दोन्ही सांभाळताना खाण्यासारखे फारच थोडे उरते. अशा अवस्थेत जयप्रकाशांनी १९७६ मध्ये मुंबईतूनच विरोधी पक्षांच्या एकीकरणाची बोलणी चालविली. २५ मे १९७६ रोजी त्यांनी नव्या पक्षाची कल्पना जाहीर केली. नंतर ते पाटण्यास परतले व कदमकुआँ भागातील महिला चरखा समितीच्या वास्तूत राहू लागले.

१९७७ ची निवडणूक

१८ जानेवारी १९७७ रोजी लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली. पाच दिवसांत जनता पक्ष आकारास आला. जयप्रकाशांनी दोन डायलिसिसांच्या मधले दिवस धरून प्रचाराचे दौरे केले. ६ फेब्रुवारीला ते दिल्लीच्या रामलीला मैदानावर पुन्हा उभे राहिले. महाराष्ट्रात एस. एम. जोशी यांच्यासारखे त्यांचे जुने सहकारी आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखक जनता पक्षाच्या प्रचारात उतरले. मार्चमध्ये काँग्रेसचा पराभव झाला. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पराभूत झाल्या. २४ मार्चला राजघाटावर जयप्रकाश व आचार्य कृपलानी यांनी नव्या खासदारांना प्रतिज्ञा दिली आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. कोणतेही पद न घेता जयप्रकाश मे महिन्यात उपचारांसाठी सिएटलला गेले.

अखेरचा काळ

जनता सरकारातील भांडणे जयप्रकाशांना आजारपणातच पाहावी लागली. एकमेकांविरुद्धच्या तक्रारी घेऊन नेते पाटण्याला येत, पण त्यांचा सल्ला क्वचितच पाळला जाई. मार्च १९७९ मध्ये प्रकृती अत्यवस्थ झाल्याने त्यांना पुन्हा जसलोकमध्ये दाखल करण्यात आले. २२ मार्च रोजी त्यांचे निधन झाल्याची चुकीची माहिती पंतप्रधानांपर्यंत पोहोचली. लोकसभेत श्रद्धांजली वाहण्यात आली, आकाशवाणीने बातमी दिली, ठिकठिकाणी कचेऱ्या व शाळा सुटल्या. जयप्रकाश त्या वेळी मुंबईत जिवंत होते. जसलोकबाहेर जमलेल्या गर्दीला चंद्रशेखर यांनी खरी स्थिती सांगितली. स्वतःच्या संसदीय श्रद्धांजलीनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ जगण्याचा हा विलक्षण योग त्यांच्या वाट्याला आला.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार कोसळले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७७ व्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, पाटण्यात जयप्रकाशांचे निधन झाले. मधुमेह व हृदयविकार यांचे परिणाम हे मृत्यूचे कारण होते. निकामी मूत्रपिंडांचे पुष्कळ रुग्ण अखेर हृदयविकारानेच दगावतात, कारण ज्या आजाराने मूत्रपिंडांतील सूक्ष्म वाहिन्या जातात त्यानेच हृदयाच्या वाहिन्याही अरुंद होतात. त्यांचा अंत्यविधी शासकीय इतमामाने झाला.

स्मृती व सन्मान

१९९९ मध्ये जयप्रकाशांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. पाटण्याचा विमानतळ त्यांच्या नावाने ओळखला जातो. दिल्लीच्या जुन्या आयर्विन रुग्णालयालाही लोकनायकांचे नाव आहे.

त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. मणी पुढे चेन्नईत गेले. हजारो रुग्णांना डायलिसिस परवडत नाही हे पाहून त्यांनी किडनी हेल्प ट्रस्टच्या वतीने शहराजवळच्या खेड्यांत प्रतिबंधाचे काम सुरू केले. गावातल्याच प्रशिक्षित मुली घरोघर जाऊन प्रत्येकाचा रक्तदाब मोजत, लघवीतील साखर व प्रथिने साध्या रसायनांनी तपासत आणि दोष आढळलेल्यांना डॉक्टरांकडे आणत. औषधे स्वस्त व जुनीच वापरली जात, पण ती नियमित घेतली जातात की नाही यावर लक्ष असे. जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस उपलब्ध करून देणारा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना त्यात ही सेवा विनामूल्य मिळते. मधुमेहींनी वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे असा संकेत आता जगभर रूढ आहे. जयप्रकाशांच्या हयातीत त्यांतील अल्ब्युमिनची सूक्ष्म तपासणी नित्याच्या वापरात नव्हती.